हत्ताच्या नाक्यावरचे ‘पर्यटक’ : परराष्ट्र मंत्रालयाला आणि महाराष्ट्र शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र मंत्री, भारत सरकार,
प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स, नवी दिल्ली,
आणि मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या नव्या कायद्याचा मसुदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट जुना झाला, तो बदलायला हवा, यावर आखातातल्या आम्हा लोकांचं दुमत नाही. पण त्याच सुमाराला माझ्या हातात दुसरा एक कागद पडला. बहिणीच्या मुलाला फसवणाऱ्या एजंटाविरुद्ध मी एका सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कार्यालयाने काही निराळं सांगितलं असतं असं मला वाटत नाही. उत्तराचा मतलब एवढाच, की संबंधित व्यक्ती पर्यटक व्हिसावर गेली असल्याने प्रकरण आमच्या अखत्यारीत येत नाही.

त्या उत्तरापायी हे पत्र लिहितोय, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

मी गुहागर तालुक्यातला. बऱ्याच वर्षांपासून शारजात राहतो आणि एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतो. माझ्याकडे रेसिडेन्स व्हिसा आहे, लेबर कार्ड आहे, विमा आहे. म्हणजे आपल्या लेखी मी कामगार. माझा भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. दुबईत उतरला त्या दिवसापासून तो कामच शोधत होता, नंतर काम करतही होता, पण आपल्या लेखी तो पर्यटक. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातली अशी पोरं मी दर सीझनला बघतो. कुणी गावचा म्हणून फोन करतो, कुणी ओळखीचा ओळखीचा म्हणून. आल्यावर महिनाभर सगळे खुशीत असतात. त्यानंतर व्हिसाची तारीख जवळ येऊ लागते आणि पोरगा विचारतो, “मामा, व्हिसा चेंजला किती लागतील?”

दिल्लीत किंवा मंत्रालयात बसलेल्या सगळ्यांनाच हा प्रकार माहीत असेल असं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुबईचा साधा व्हिजिट व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा येतो. मुदत संपत आली की माणसापुढे तीन वाटा उरतात. गाशा गुंडाळून घरी जायचं, इथल्या इथे पैसे भरून मुदत वाढवून घ्यायची, किंवा देशाबाहेर पाऊल टाकून नव्या व्हिसावर पुन्हा आत यायचं. करोनाच्या काळात बाहेर न जाता व्हिसा बदलून घ्यायची सवलत होती, ती अबुधाबी आणि शारजात २०२२ च्या डिसेंबरात बंद झाली. पूर्वी मुदतीनंतर १० दिवसांची सूट मिळायची, दुबईने २०२३ मध्ये तीही काढली. आता तारीख उलटली की त्या दिवसापासून दर दिवशी ५० दिरम दंड चढतो. नोकरी न लागलेल्या पोराला इथल्या इथे मुदत वाढवणं परवडत नाही, विमानाने बाहेर जाऊन येणं तर त्याहून नाही. मग उरते बस.

दुबईच्या देरा भागातल्या ट्रॅव्हल एजंटांच्या काचांवर ‘व्हिसा चेंज बाय बस’ असे बोर्ड असतात. पॅकेज असतं. जाण्यायेण्याची बस, ओमानचा व्हिसा, लागलं तर तिकडे हॉटेलात राहणं, आणि अमिरातीचा नवा व्हिसा. बसमध्ये आपले लोक असतात, नेपाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो असतात, आफ्रिकेतली मुलं-मुली असतात. सगळ्यांच्या हातात एकेक प्लास्टिकची फाइल. दुबईहून ओमानच्या सरहद्दीवरच्या हत्ताला जाणाऱ्या जुन्या रस्त्याचा एक तुकडा ओमानच्या हद्दीतून जातो आणि २०१६ पासून आमच्यासारख्या परदेशी लोकांना तिथून सोडत नाहीत, त्यामुळे गाड्या कलबाच्या बाजूने डोंगरांतून वळसा घेतात. हत्ताच्या नाक्यावर एक्झिट होते. पुढे ओमानचं अल वजाजाचं ठाणं. कबड्डीत चढाईचा गडी निदान रेषा ओलांडून परत फिरतो, तसा हा सगळा प्रकार.

मात्र परत फिरणं आपल्या हातात नसतं. नवा व्हिसा मोबाइलवर पीडीएफ होऊन येईपर्यंत ओमानातच थांबायचं. कुणाचा काही तासांत येतो, कुणाचा दोन-तीन दिवसांनी, कुणाचा येतच नाही. अमिरातीतल्या अल ऐन शहराला लागून असलेल्या ओमानच्या बुरैमीतही अशीच मंडळी अडकलेली असतात. एका खोलीत चार-पाच जण, अमिरातीचं सिमकार्ड तिकडे धड चालत नाही, हॉटेलच्या वायफायवर सगळ्यांची मान खाली. पॅकेजमधल्या रात्री संपल्या की पुढचं भाडं आपलं आपण. ओमानच्या व्हिसाचीही मुदत असतेच. आणि इकडचा व्हिसा नाकारला गेला, तर देरातल्या पार्टिशन टाकलेल्या भाड्याच्या खोलीतली बॅग, कपडे, सर्टिफिकेटं तिथेच राहतात आणि पोराने मस्कतहून तिकीट काढून मुंबई गाठायची.

गंमत बघा. हत्ता हे खरोखरच पर्यटनाचं ठिकाण आहे. डोंगरात धरण आहे, निळ्या पाण्यात कयाक चालवायला दुबईची माणसं सुट्टीला येतात. कागदावर पर्यटक असलेल्या आमच्या पोरांपैकी कुणी ते धरण पाहिल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं काल-परवा सुरू झालेलं नाही. माझ्या आधीची माणसं किशला जायची. किश हे इराणचं बेट. व्हिसा बदलण्यासाठी तिथे विमानाने जायचं आणि नवा कागद हातात पडेपर्यंत वाट बघत पडून राहायचं. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून शारजाला येणारं किश एअरचं फोकर ५० विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळलं. ४६ पैकी ४३ माणसं गेली. व्हिसाचं काम करून परतणारे कामगार त्यात होते, भारतीय होते. शारजातल्या जुन्या लोकांना तो दिवस अजून आठवतो. त्या वेळीच कुणीतरी विचारायला हवं होतं की ही माणसं बेटावर कशाला गेली होती. दोन दशकं उलटली तरी हा प्रश्न कुठल्या फायलीत मांडला गेल्याचं माझ्या कानावर नाही.

एक गोष्ट साफ करतो. माझं भांडण अमिरातीच्या सरकारशी नाही. आपल्या देशात कुणाला किती दिवस राहू द्यायचं हे त्यांनी ठरवावं. त्यांनी नियम उघड ठेवलेत. परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाखापासून १० लाख दिरमपर्यंत दंड, ही दुरुस्ती त्यांनी २०२४ मध्ये केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत मुदत उलटलेल्यांना दंड माफ करून बाहेर पडायची किंवा कागद नीट करायची संधी दिली, आपल्याकडच्या कितीतरी जणांची त्यात सुटका झाली. नोकरी शोधणाऱ्यांसाठी ६०, ९० आणि १२० दिवसांचा वेगळा व्हिसाही त्यांनी काढलाय, पण तो वरच्या दर्जाच्या कुशल कामांसाठी आणि नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी. आमचा आयटीआयवाला त्यात बसत नाही. तो बसतो बसमध्ये. तर माझी तक्रार आहे ती आपल्याकडे, ज्या देशाचा पासपोर्ट त्याच्या खिशात आहे त्या देशाकडे.

तक्रारी अशा.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार एजंटांची. गावात जो ‘दुबईचं काम करून देतो’ तो नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंट नसतो. त्याचं मोबाइलचं दुकान असतं, नाहीतर ट्रॅव्हल्सचं, नाहीतर त्याच्याकडे नुसती एक फाइल असते. १९८३ चा कायदा सांगतो की नोंदणीशिवाय परदेशी नोकरीची भरती करता येत नाही. नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या भाच्याकडून दीड लाख घेतले. बहिणीने पाटल्या पतपेढीत तारण ठेवून ते उभे केले. या दीड लाखात काय मिळालं? एक व्हिजिट व्हिसा, एक तिकीट आणि “उतरलास की आठ दिवसांत कंपनीचा व्हिसा लावतो” हे तोंडी आश्वासन. पोलिसांत गेलो तर एजंट म्हणतो, मी टुरिस्ट व्हिसा विकला, नोकरीचं मी कुठे बोललो? कागदावर त्याचं बरोबर असतं. नोकरी हा शब्दच त्याने कुठे लिहिलेला नसतो.

आणि समजा गुन्हा शाबित झालाच, तर त्या कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षा काय? जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. दोन हजार. १९८३ मध्ये तो आकडा जड वाटला असेल, आज एवढ्या पैशांत एजंटाची एक पार्टी होत नाही. एका पोरामागे लाख-दीड लाख उचलणाऱ्याला याची भीती का वाटावी?

दुसरी तक्रार मोजदादीची. आपल्या ई-मायग्रेट पोर्टलवर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, घेऊन जाणाऱ्यांची नोंद होते. ती घ्यावी लागते दहावी न झालेल्या ईसीआर पासपोर्टवाल्यांना, तीही १८ देशांत नोकरीला जाताना. अमिरात त्या यादीत आहे. पण तोच ईसीआरवाला पर्यटक म्हणून निघाला की त्याला क्लिअरन्स लागत नाही. दहावी झालेल्याला तर नोकरीसाठीही सहसा लागत नाही. त्यामुळे कोकणातून व्हिजिट व्हिसावर किती मुलं गेली, त्यांतल्या कितींना काम लागलं, किती जण हत्ता-बुरैमीच्या फेऱ्यांत अडकले, किती जण मुकाट परत आले, हे आपल्याला ठाऊक नाही आणि आपल्या आकडेवारीतून ते कधी कळणारही नाही. अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात, ही संख्या भाषणांत अभिमानाने येते. बसमधला माणूस त्या संख्येत धरलेला आहे की नाही, ते सांगावं.

तिसरी तक्रार विम्याची, ती थोडक्यात. प्रवासी भारतीय विमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षांसाठी १० लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. इतकी स्वस्त आणि चांगली योजना दुसरी नसेल. पण ती क्लिअरन्सला जोडलेली. ज्याच्यामागे कंपनी आहे त्याला ती मिळते, आणि ज्याच्यामागे कुणीच नाही, जो परक्या देशात रात्री-बेरात्री डोंगरातून बसने फिरतो, तो उघडा. मयत झाली तर शव गावी पाठवण्याचा खर्च करायला त्याला मालक नसतो. मग आमच्यासारखे लोक वर्गणी काढतात, इथली समाजसेवी माणसं कागदांमागे धावतात.

चौथी. व्हिजिट व्हिसावर काम करणाऱ्याची मजुरी बुडते आणि तो तोंड उघडू शकत नाही. भाच्याला एका मेंटेनन्सवाल्याने कामाला घेतलं, “व्हिसा प्रोसेसमध्ये आहे” म्हणत राबवलं आणि मुदत संपत आली तसं सांगितलं, स्वतःच्या पैशांनी चेंज करून ये, मग बघू. आल्यावर काम दुसऱ्याला गेलेलं. लेबर कार्ड नाही, करार नाही, तक्रार कशाच्या आधारावर करणार? केली तर बेकायदा काम केल्याची कारवाई स्वतःवरही ओढवते. दुबईत आपलं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी उद्घाटन केलेलं कामगार केंद्र ते हेच. तिथला फुकट फोन चांगला आहे, लोक तो वापरतात. पण व्हिजिटवाला पोरगा तिथे फोन करायला घाबरतो. आपण चुकीच्या व्हिसावर आहोत हे आपल्याच सरकारला कळलं तर काय होईल, ही भीती त्याच्या मनात एजंटानेच घातलेली असते. ती काढायचं काम सरकारचं.

पाचवी तक्रार त्या मधल्या पट्ट्याची. भाचा बुरैमीत अडकला तेव्हा नवा व्हिसा येत नव्हता आणि ओमानची मुदत संपत चालली होती. इकडच्या ट्रॅव्हलवाल्याने फोन उचलणं बंद केलं, मग एक दिवस उचलून धमकी दिली की जास्त बोललास तर अ‍ॅब्स्कॉन्डिंग, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, टाकीन. मी मदतीसाठी दोन ठिकाणी फोन लावले. एकाने सांगितलं, माणूस ओमानात आहे, तिकडे बोला. दुसऱ्याने सांगितलं, प्रकरण अमिरातीच्या व्हिसाचं आहे, तिकडे बोला. दोघंही सौजन्याने बोलले, हे मुद्दाम नोंदवतो. पण मधल्या मध्ये माणूस कुणाचा? शेवटी आम्हीच पैसे पाठवले आणि तो मस्कतमार्गे घरी गेला. आता चिपळुणात एका दुकानाचं वायरिंग करतो. पतपेढीचे हप्ते चालू आहेत.

महाराष्ट्र शासनाला वेगळं सांगायचं आहे. केरळने परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र खातं काढलं, नोर्का. त्यांची सरकारी भरती संस्था ओडेपेक तर १९७७ पासून आहे. तिकडच्या स्थलांतराचे सर्वेक्षण १९९८ पासून वेळोवेळी होत आलंय, त्यामुळे कुठल्या जिल्ह्यातून किती माणसं कुठे गेली हे त्यांना सांगता येतं. माझ्या खोलीशेजारी राहणारा मलबारी काही अडलं तर थेट नोर्काला फोन लावतो. मला विचारतो, तुमचं काय आहे? मी त्याला गणपतीला गावी जाणाऱ्या जादा गाड्यांचं सांगतो आणि विषय बदलतो. कोकणातली घरं आखातच्या पैशांवर उभी राहिली, गावोगावच्या शाळा, मशिदी, देवळांचे सभामंडप, क्रिकेटच्या स्पर्धा त्या पैशांवर चालतात. राज्य सरकारला हे दिसत नाही असं नाही. निवडणुकीच्या आधी पुढारी दुबईत मेळावे घ्यायला येतातच की.

यावर एक सोपा उपाय सुचेल आणि तो करू नये, म्हणून आधीच लिहितो. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्या गरीब दिसणाऱ्या पोरांना मुंबईच्या विमानतळावर अडवणं हा तो उपाय. जुन्या लोकांना ‘पुशिंग’ हा शब्द ठाऊक आहे. क्लिअरन्स नसलेल्या माणसाला काउंटरवरून पलीकडे ढकलायचे वेगळे पैसे लागत. अडवणूक वाढली की दर वाढतो, एवढंच होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात आपण ईसीएनआरवाल्यांनाही, म्हणजे क्लिअरन्स न लागणाऱ्या पासपोर्टवाल्यांनाही, १८ देशांसाठी नोंदणी सक्तीची केली होती, न केल्यास विमानात बसू देणार नाही म्हणाला होतात. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत तो आदेश स्थगित झाला. स्थगित झाला ते योग्यच झालं. पण त्यानंतर सक्ती नसलेला, लोकांना स्वतःहून यावंसं वाटेल असा मार्ग काढायला हवा होता, तो काही निघाला नाही.

मावशीकडे राहायला जाणारा पोरगा आणि नोकरी शोधायला जाणारा पोरगा यांच्या व्हिसात फरक नसतो, हे मलाही कळतं. पासपोर्ट बघून मनातलं ओळखता येत नाही. म्हणून काउंटरवर माणूस पकडण्याऐवजी गावात व्हिसा विकणाऱ्याला पकडा, तो लपून धंदा करत नाही. त्याचे बोर्ड लागलेत, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या जाहिराती फिरतात, “दुबई में हेल्पर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर चाहिए, व्हिजिट पे आओ, एम्प्लॉयमेंट पक्का.” फोन नंबर खाली दिलेला असतो. याहून जास्त पुरावा पोलिसांना काय हवा?

तर आमच्या मागण्या लिहून देतो.

नव्या कायद्यात, नोकरीचं आमिष दाखवून व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा विकणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत यावा. सब-एजंट, व्हिसाचे अर्ज भरून देणारा टायपिंगवाला, ट्रॅव्हलवाला असे आडोसे चालू नयेत. दंड घेतलेल्या रकमेच्या पटीत असावा आणि घेतलेली रक्कम त्या कुटुंबाला परत मिळण्याची तरतूद त्याच कलमात असावी. बहिणीला एजंट तुरुंगात जाण्यापेक्षा पाटल्या सुटण्यात जास्त रस आहे, आणि ती चुकीची नाही.

नोकरी शोधायला म्हणून व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याला ई-मायग्रेटवर स्वेच्छेने, फुकट आणि मराठीतून नोंदणी करता यावी. नोंदणी केली म्हणून त्याला विमानतळावर कुणी प्रश्न विचारणार नाही, याची लेखी हमी द्या, नाहीतर कुणी नोंदवणार नाही. त्या नोंदणीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना त्यालाही घेता यावी. हप्ता थोडा जास्त लावला तरी चालेल.

दुबईतला वाणिज्य दूतावास आणि मस्कतचा दूतावास यांनी मिळून हत्ता आणि बुरैमीत अडकणाऱ्यांसाठी एकच फोन नंबर ठेवावा. फोन उचलणाऱ्याने ‘तिकडे बोला’ म्हणायचं नाही. अडचणीतल्या भारतीयांसाठीचा समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. परतीच्या तिकिटासाठी तो वापरताना, माणूस पर्यटक व्हिसावर होता म्हणून अर्ज बाजूला ठेवू नये.

मुंबईत बीकेसीला विदेश भवन आहे, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं काम बघणाऱ्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालयही तिथेच. गुहागरहून तिथे जायचं तर रात्रीचा प्रवास आणि दिवसाची रजा. २०१७ पासून आपण पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं उघडलीत आणि लोकांची मोठी सोय झाली. त्याच धर्तीवर रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत एजंटाची नोंदणी आणि ऑफर लेटर तपासून देणारी खिडकी उघडा. आठवड्यातून एक दिवस उघडली तरी पुरे. नोंदणीकृत एजंटांची यादी आपल्या पोर्टलवर आहेच, पण ती तिथे आहे हे गावात कुणी सांगितलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्टँडवर, आयटीआयच्या नोटीस बोर्डावर तिचा पत्ता लावा.

महाराष्ट्र शासनाने परदेशी काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी कायमचं खातं काढावं, पाच-सहा जिल्ह्यांत खरं सर्वेक्षण करावं आणि एजंटांविरुद्धच्या तक्रारी ‘दिवाणी स्वरूपाचं प्रकरण आहे’ म्हणून परत न पाठवण्याची पोलिसांना लेखी सूचना द्यावी. पोलिसांना कायदा माहीत नसतो असं मी म्हणत नाही. पण १९८३ च्या कायद्याखाली पोलिसांना खटला चालवायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, ती मागण्यात वेळ जातो आणि फाइल थंड पडते. नव्या मसुद्यात हा भागही बघून घ्या.

या पत्राची प्रत टपालाने तिन्ही कार्यालयांना पाठवत आहे. माझ्या आधीच्या अर्जाचा क्रमांक आणि आलेलं उत्तर सोबत जोडलं आहे. सगळ्याच मागण्यांवर लगेच काही होईल अशी अपेक्षा नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर एका महिन्यात हवं आहे, आणि ‘अखत्यारीत येत नाही’ हे ते उत्तर नसावं. उद्या सकाळी देरातून सुटणाऱ्या बसमध्ये जो रत्नागिरीचा पोरगा बसणार आहे, त्याची जबाबदारी तुम्हा तिघांपैकी कोणत्या कार्यालयाकडे आहे, तेवढं नाव कळवावं.

आपला,
गुहागर तालुक्यातला एक रहिवासी,
मुक्काम शारजा